कोपऱ्यावर ती वळली

“हे असं नाहीये,” काकू अंधारात म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना वळवून पाहिले.

पडद्यावर हातगाडी चालली होती. गाडीवर शिलाई मशीन, मशीनला दोरी, दोरीच्या गाठीवर त्या बाईचा हात. गाडीचे एक चाक कुरकुरत होते. गल्लीचा कोपरा आला. गाडी वळली, बाई वळली आणि दिसेनाशी झाली. मागे रिकामी गल्ली तेवढी राहिली. चाकाचा आवाज लांब जात जात विझला आणि पडद्यावर नावे सरकू लागली.

काकूंनी सुनेचा दंड धरला. “अगं, परत येते ना ती. अजून एक प्रकरण आहे.”

“आई, दिवे लागले,” सून हळूच म्हणाली. “संपला.”

थिएटरच्या आवारात चहा घेताना काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पुस्तकातला शिंपी काडीपैलवान होता, तर ह्यांनी हा रेडा आणून उभा केला. शिंप्याच्या घरची मांजर गाळली. बाई कापड आणायला बाजारात जाते, तर हिला डोंगरावर नेऊन गाणे म्हणायला लावले. डोंगरावर काय कापडाची दुकाने असतात? सून हसत ऐकत होती. तिच्या कचेरीत दुपारच्या सुट्टीत हाच वाद चाले. पुस्तकावरून काढलेला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता आणि सगळ्यात वाईट कोणता, ह्यावरून बायका डबे गार करत. सुनेचे मत ठरलेले होते आणि ते तिने आताही ऐकवले. पुस्तक वाचलेल्या माणसाला सिनेमाला नेऊच नये, तो सासूसारखा प्रत्येक गोष्टीत खोट काढतो.

“कुणासारखा?” काकूंनी विचारले.

“मी कुणाचं नाव घेतलं का?”

काकूही हसल्या. मांजर आणि डोंगर त्यांनी तिथल्या तिथे माफ करून टाकले. शेवट मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. एवढे सोसून उरलेली बाई, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते, नवरा दारात उभा असतो, हातगाडीवरून मशीन उतरवतो आणि जमिनीवर मशीनच्या चार पायांच्या खुणा असतात त्यांच्यावर नेमके ठेवतो. हेच तर पुस्तक. ते कापल्यावर राहिले काय?

“मला तर शेवट आवडला,” सून म्हणाली. “गेली ते बरं झालं.”

“तू पुस्तक वाचलं नाहीस,” काकू म्हणाल्या.

खरे तर काकूंनीही ते वाचले नव्हते. त्यांनी ते ऐकले होते.

गल्लीत त्यांना इस्त्रीवाल्या काकू म्हणत. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या घरी लोकांचे कपडे घेऊन इस्त्री करून देत. नवरा छापखान्यात प्रुफे तपासायला होता. दुसऱ्याच्या लिखाणात कान्यामात्रेचा फरक दिसला की त्याचे जेवणावरून मन उडे, म्हणून छापखान्यात त्याचे नाव कानामात्रा पडले आणि तिथून ते गल्लीत आले. माणूस तसा सरळमार्गी. ना व्यसन, ना आरडाओरडा. पण बोलणेही नाही. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाचून त्याचे स्वतःचे शब्द संपून जात असावेत, असे काकूंना वाटे. संध्याकाळी मात्र तो खुर्ची टेबलाजवळ ओढून बसे आणि छापखान्यातून आणलेली पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी. काकू इस्त्री फिरवत ऐकत. त्यांना अक्षर येत नव्हते. शिकवा म्हणून त्यांनी दोनतीनदा विचारले, तर तो म्हणाला, “तुला कशाला? मी आहे ना वाचायला.” हे ऐकून त्या वेळी त्यांना बरेच वाटले होते.

त्या सगळ्या पुस्तकांत शिंप्याच्या बायकोचे पुस्तक त्यांच्या जिवाचे होते. त्यातही शेवटच्या प्रकरणातले एक वाक्य. मशीन जागेवर ठेवल्यावर तो मुखदुर्बळ शिंपी बायकोला म्हणतो, “तू नव्हतीस तेवढा वेळ घराला आवाजच नव्हता.” बस्स, एवढेच. काकूंना ते तोंडपाठ होते. चादरींना घड्या घालताना त्या ते कधीकधी मनातल्या मनात म्हणत.

पुढे नवऱ्याची नजर गेली. समोरचे पार पुसले गेले, कडेकडेचे तेवढे धूसर दिसे. घरात वर्तमानपत्र वाचणारे कुणी उरले नाही. मुलगा कामासाठी बाहेरगावी, महिन्याकाठी येणारा. तेव्हा सुनेने सासूला हाताशी धरले. इस्त्रीचे कपडे गुंडाळायला रद्दी असायचीच. तिच्यावरचे मथळे बोटाने दाखवत तिने काकूंना अक्षरे लावायला शिकवली. केस पांढरे झाल्यावर काकू पाटीपुस्तकाला लागल्या. आता रोज संध्याकाळी नवरा खुर्चीत बसे आणि त्या अडखळत बातम्या वाचत. त्या चुकल्या की तो तिथल्या तिथे सुधारी. डोळे गेले तरी कानामात्रा तो कानामात्राच.

सिनेमाला जाऊ नका, असे त्याने बजावले होते. कारण विचारले तर म्हणाला, पुस्तकाची वाट लावली असणार. त्यांना तेव्हाच थोडे नवल वाटले. पाहिल्याशिवाय मत देण्यातला तो नव्हता.

घरी आल्यावर काकूंनी शेवट कसा बिघडवला ते चपला काढता काढताच सांगितले. नवरा खुर्चीत सरळ झाला. मग म्हणाला, “सिनेमावाल्यांना काय, वाटेल ते करतात. जाऊ दे. विसर.”

सुनेने मात्र विसरू दिले नाही. दोन दिवसांनी तिने पुस्तकाची नवी प्रत आणली. सिनेमा आल्यामुळे पुस्तक पुन्हा छापले होते आणि वर नटीचे तोंड होते. काकूंनी हात पुसून शेवटचे पान उघडले आणि बोट ठेवून वाचले.

‘कोपऱ्यावर ती वळली.’

त्यापुढे पुस्तकाच्या किमतीचे आणि इतर पुस्तकांच्या जाहिरातींचे पान होते.

“बघितलंत?” काकू संतापून नवऱ्याला म्हणाल्या. “सिनेमाशी जुळावं म्हणून ह्यांनी पुस्तकसुद्धा कापलं.”

“नवी आवृत्ती आहे,” नवरा लगेच म्हणाला. “कापलं असेल. हल्ली करतात.”

काकू आणखी काही बोलणार होत्या, त्या थांबल्या. ‘असेल’ हा शब्द त्यांनी त्या तोंडातून कधी ऐकला नव्हता. असेल-नसेल म्हणणाऱ्या माणसाला छापखान्यात ठेवू नये, असे तो म्हणत आला होता. आणि आज एका लेखकाचे अख्खे प्रकरण कापले तरी तो खुर्चीत शांत बसून होता. एकदा कुणाच्या पुस्तकातला एक अनुस्वार गळाला म्हणून हा माणूस दोन रात्री तळमळला होता.

“आपली जुनी प्रत कुठाय हो?” त्यांनी विचारले.

“वाळवी लागली होती. टाकली मागेच.”

दुसऱ्या दिवशी कपडे पोचवायच्या निमित्ताने काकू बाहेर पडल्या आणि वाचनालयात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. आत जायला काही परवानगी लागते की काय, म्हणून त्या आधी दारातच घुटमळल्या. टेबलामागच्या बाईला त्यांनी पुस्तकाचे नाव सांगितले. ती नटीच्या तोंडाची प्रत काढू लागली तेव्हा म्हणाल्या, “ही नको. सगळ्यात म्हातारी असेल ती द्या.”

बाई हसली आणि मागच्या कपाटातून एक प्रत घेऊन आली. पाने पिवळी पडून कडक झाली होती. पहिल्या पानावर खाली छापखान्याचे नाव होते. नवऱ्याचाच छापखाना. म्हणजे ह्या पानावरून त्याची पेन्सिल फिरली होती. ह्याच्यात चूक असणे शक्य नव्हते. काकूंनी मागून पान उलटले.

‘कोपऱ्यावर ती वळली.’

त्याच्यापुढे एक कोरे पान होते. काकूंनी त्यावरून हात फिरवला, कापडाची सुरकुती चाचपतात तसा. कुठे काही फाडल्याची, शिवण उसवल्याची खूण नव्हती. पान जन्मापासून कोरे होते. आणि त्या कोऱ्या पानावरून त्यांच्या नवऱ्याने त्यांना एक अख्खे प्रकरण वाचून दाखवले होते.

त्या तिथल्या बाकावर बसल्या.

तेव्हाची गोष्ट अशी होती. मोठी बहीण दुसऱ्या गावी एका इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथे कपड्यांवर देखरेख करायला बाई हवी होती. राहायला खोली, हाताखाली माणसे, महिन्याचा पगार. बहिणीने निरोप धाडला, तू ये, तुझ्यासारखा हात इथे कुणाचा नाही. काकूंचे लग्न होऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि घर असे मुके की इस्त्री पाण्यावर चरचरली तरी सोबत वाटे. त्यांनी नवऱ्याला सांगितले, मी जाऊन बघते, जमले तर राहते, तुम्हीही मागून या. तो हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. काकूंनी पेटी बांधली. इस्त्री पेटीत सगळ्यात वर ठेवली, शेवटच्या दिवसापर्यंत लागते म्हणून. पण शिंप्याच्या बायकोचे पुस्तक अर्ध्यावर होते. ती बाई तेव्हा मशीन घेऊन जावे की न जावे अशा घोरात होती आणि तिचे पुढे काय होते ते कळल्याशिवाय काकूंचा पाय निघेना. पुस्तक संपले की येते, असे त्यांनी बहिणीला कळवले. बहीण पुढे कितीतरी वर्षे त्यावरून हसत असे.

त्या दिवसांत नवरा हळूहळू वाचू लागला. एरवी भराभर वाचणारा माणूस, रोज दोन पाने वाचून डोळे दुखतात म्हणून पुस्तक मिटी. मग शेवट आला. बाई कोपऱ्यावर वळली. नवरा थांबला, पाणी प्याला आणि पान उलटून पुढे वाचू लागला. त्याचा आवाज त्या संध्याकाळी अडखळत होता. त्याला रडू येते आहे असे काकूंना वाटले आणि बाईच्या जातीला पाझर फुटतो तसा त्यांना फुटला. शिंपी त्याचे ते एक वाक्य बोलला. दुसऱ्या दिवशी काकूंनी पेटीतून इस्त्री काढली. मग कपडे काढले. बहिणीला काही कळवले नाही. वाट पाहून तिथे दुसरी बाई ठेवली.

पुढे पुस्तक पुन्हा वाचायला लावले की ते प्रकरण दर वेळी थोडे निराळे ऐकू येई. एकदा बाई परत येते तेव्हा दिवा लागलेला असे, एकदा नसे. एकदा शिंपी दारात, एकदा पायरीवर. काकूंना वाटे, आपल्यालाच नीट आठवत नाही. अडाणी माणसाचे डोके. बदलायचे नाही ते फक्त ते एक वाक्य. पुस्तकातल्या शिंप्याला सुचते, तर आपल्या माणसालाही एखाद दिवशी सुचेल, अशा आशेवर त्या राहिल्या. राहता राहता मुलगा झाला, मुलाचे लग्न झाले आणि आशेचीही सवय होऊन गेली.

वाचनालयातल्या बाईने विचारले, “घरी नेणार का?”

“नेते,” काकू म्हणाल्या.

संध्याकाळी सून कचेरीतून यायची होती. काकूंनी पुस्तक नवऱ्याच्या मांडीवर ठेवले आणि त्याचा हात धरून त्या कोऱ्या पानावर टेकवला.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

त्याने बोटे फिरवली. कागद ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते. मग म्हणाला, “मी पुस्तकातली एक कानामात्रा बदलली नाही.”

“मग हे काय?”

“‘वळली’ असंच छापलंय. वळली म्हणजे कोपऱ्यावरून पलीकडे वळली असं होतं, तसं माघारी वळली असंही होतं. दोन्ही अर्थ निघतात. लेखकाने सांगितलेलं नाही.”

काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांनी हा माणूस त्यांच्या समोर एका शब्दाच्या आडोशाला उभा राहून अंग चोरत होता.

“दोन अर्थ होते,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही मला दोन्ही सांगायचे होते. एक माझ्यासाठी ठेवायचा होता.”

“तू पेटी बांधली होतीस.”

“जाऊ नकोस म्हणायचं होतं. तीन शब्द लागतात का हो त्याला? दोनच लागतात.”

त्याने पुस्तक मिटले, पुन्हा उघडले. जवळपास पुटपुटत म्हणाला, “मला स्वतःचं बोलता येत नाही. वाचता येतं.”

काकूंना ह्याचे वाईट वाटले. वाईट वाटते आहे ह्याचा रागही आला. म्हणजे ते वाक्य शिंप्याचे नव्हते, ह्याचे होते. ज्याची वाट पाहत त्या म्हाताऱ्या झाल्या, ते केव्हाच त्यांच्या घरात येऊन गेले होते, पण दुसऱ्याचे कपडे घालून. आणि त्यांनी ते दुसऱ्याचे म्हणून जपले. त्यांचा हात लोकांच्या कपड्यांवरून आयुष्यभर फिरला. कुठला कपडा कुणाचा ह्यात त्यांची कधी चूक झाली नव्हती.

सून आल्यावर त्यांनी तिला सगळे सांगितले, भाजी निवडताना सांगतात तसे, मान वर न करता. सुनेने खांद्यावरची पिशवी उतरवली. मग वातावरण हलके करायला म्हणाली, “आई, तुम्ही गेला असतात तर मी कुणाची सून झाले असते?”

“कुणाची तरी झाली असतीस,” काकू म्हणाल्या. सून बावरली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्यावर नाही गं राग. मुलगा, तू, हे सगळं चांगलंच झालं. पण चांगलं झालं म्हणून मला विचारलं होतं असं होत नाही.”

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “तुमच्या त्या कचेरीतल्या बायकांना सांग. हा सिनेमा पुस्तकाला धरून आहे. अगदी शेवटापर्यंत. मांजर सोडून. आणि सगळ्यात वाईट सिनेमा आमच्या घरी लागला होता म्हणावं. नुसत्या आवाजाचा.”

पुस्तक परत करायला पंधरवडा होता. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून नवऱ्याला वाचून दाखवायला घेतले. त्याने नको म्हटले नाही. त्या इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहूनच वाचत, एक हात पुस्तकावर, एक कपड्यांच्या ढिगावर. जोडाक्षर आले की अडत. पहिले दोन दिवस तो त्यांना सुधारत होता. मग सुधारायचे थांबला. जसजशी पाने उजवीकडून डावीकडे जाऊ लागली, तसतसा तो खुर्चीत लहान होत गेला. एकदा म्हणाला, आज राहू दे, तुझे डोळे दुखतील. काकू म्हणाल्या, माझे डोळे चांगले आहेत.

शेवटच्या दिवशी उन्हे उतरता उतरता हातगाडी निघाली. दोरी, गाठ, गल्ली. काकूंनी सावकाश, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचले. “कोपऱ्यावर ती वळली.”

मग त्या थांबल्या. नवराही थांबून होता. खोलीत इस्त्री गार होताना तिचे लोखंड टिकटिक वाजत होते.

“पुढे?” तो म्हणाला.

“पुढे कोरं आहे.”

त्याने मान हलवली. काकूंनी पुस्तक मिटले नाही. त्या म्हणाल्या, “शिंप्याचं एवढंच होतं. त्याच्यापुढचं तुमचं होतं. तुमचं असेल तर म्हणा. पुस्तक मी मिटून ठेवते. मी ऐकत्ये.”

त्यांनी पुस्तक मिटले आणि खरेच वाट पाहिली. नवऱ्याचे ओठ हलले. वाक्य त्याला येत होते. इतक्या वेळा वाचले होते. समोर पान नव्हते, एवढाच फरक. त्याने घसा साफ केला, खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला, खिडकीकडे तोंड केले, पुन्हा इकडे आणले.

“जरा चहा होईल का?” तो म्हणाला.

काकूंनी चहा टाकला. कप त्याच्या हातात दिला, रोजच्यासारखी त्याची बोटे कपाच्या कानाभोवती नीट वळवून ठेवली. मग स्वतःचा कप घेऊन त्या दाराबाहेर पडल्या. अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्याने कोपऱ्यापर्यंत. चपलांचा आवाज घरात ऐकू जात असणार, हे त्यांना ठाऊक होते. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी त्या थांबल्या. तिथून दोन्ही रस्ते दिसत, घराकडचा आणि दुसरा. माणसे कामावरून परतत होती. ओळखीच्या एकीने विचारले, कुणाची वाट बघताय काकू? त्यांनी नुसती मान हलवली.

चहा संपला. रिकामा कप हातात घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या, आवाज न करता.